ब्रॉसार्डचा तह

चार मराठी माणसं एका छपराखाली राहिली की भांडणं साठत जातात आणि पाच वर्षांनी बघावं तर त्यांचेच किस्से झालेले असतात! मधे नेमकं काय होतं, देव जाणे. कोणी जेवायला आलं की प्रशांत, म्हणजे माझा नवरा, पोळीचा पहिला तुकडा मोडायच्या आत म्हणतो, "उज्ज्वला, तो टायरचा सांग ना." आणि मग सांगत कोण बसतं? मी! पाहुणे हसतात, नवरा जेवतो आणि माझी आमटी गार होते. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच ठेवावं. पुढच्या वेळी पाहुण्यांच्या हातात कागद देईन आणि गरम गरम जेवेन.

तर २०१५ ते २०१८ आम्ही क्यूबेकमधल्या ब्रॉसार्डला एका डुप्लेक्समध्ये वर राहायचो. खाली घरमालकीण मादाम जिनेट, पंचाहत्तरीच्या, एकट्या. पुढचं दार एकच, आत सामाईक हॉल, हॉलमधून वर जिना. वर आम्ही चौघं. मी आणि प्रशांत दोघंही सॉफ्टवेअरमधले. नीलेश नागपूरचा, टेलिकॉममध्ये इंजिनिअर. आणि श्रीपाद पुण्याचा, इतिहासात पीएचडी करणारा. किती वर्षं करतोय हे त्याला विचारायचं नाही, असा घरात नियम होता.

श्रीपादचा विषय म्हणजे जुने तहनामे. इंग्रज, फ्रेंच, पोर्तुगीज कंपन्या जहाजं घेऊन आल्या, मग कोणी कुठे व्यापार करायचा, कुठे राहायचं, कुठल्या देवाला भजायचं याचे राजेरजवाड्यांशी जे करार झाले, ते सगळे याला तोंडपाठ. पण दूध आणायचं तोंडपाठ नसे! फ्रेंच मात्र फर्डं बोलायचा, कारण निम्मी कागदपत्रं त्याच भाषेत.

आणखी एक माणूस लक्षात ठेवा. लुक. मादामचा एकुलता एक मुलगा, राहायला लव्हालला. त्याच्या मनात एकच, घर विकायचं आणि आईला लव्हालच्या वृद्धाश्रमात ठेवायचं. इकडे एक जुलैला लीज संपतात, त्यामुळे दर वसंतात लुक यायचा, भिंती ठोकून बघायचा आणि जायचा. तो ठोकायला लागला की मादाम आपल्या खोलीत जाऊन टीव्ही मोठा करायच्या. त्या त्याच घरात लग्न होऊन आल्या होत्या आणि त्यांना तिथून हलायचं नव्हतं. आम्हालाही!

*

पहिला तह झाला तो टायरांवरून.

ऑक्टोबरात एक दिवस ऑफिसमधून आले तर हॉलमध्ये दोन विंटर टायर उभे. नीलेशने कुणाचे तरी जुने स्वस्तात घेतले होते, विकायला.

"दोनच तर आहे वहिनी," नीलेश म्हणाला. "काहून टेन्शन घेता? उद्या जातात."

श्रीपाद जिन्यावरून खाली आला, टायरांकडे बघितलं आणि मटकन पायरीवर बसला. "वखार!" तो म्हणाला. "सुरुवात अशीच होते. आधी माल ठेवायला कोपरा मागतात."

दुसऱ्या दिवशी टायर गेले नाहीत, उलट दोनाचे आठ झाले. नीलेशने पोरांचे पाय अडकू नयेत म्हणून मधे एक दोरी बांधली. आमच्या घरात पोरं नव्हती.

"कुंपण!" श्रीपाद ओरडला. "बघा, मी सांगितलं होतं!"

तिसऱ्या आठवड्यात नीलेशने हवा भरायचा कंप्रेसर आणला. लाल रंगाचा, चाकांवरचा, पुढे लांब नळी. श्रीपादने तो दारातून आत येताना बघितला आणि त्याचा आवाजच बसला. नुसता बोट दाखवत राहिला. शेवटी म्हणाला, "तोफ... तोफ आली."

आता मादाम बाहेर आल्या. त्यांना वॉकर घेऊन हॉलमधून जाता येत नव्हतं, वर या दोघांची मराठी मारामारी. त्यांनी कपाळाला हात लावला आणि विचारलं, तुम्ही नेहमी असंच बोलता की आज काही झालंय? श्रीपादने त्यांना फ्रेंचमध्ये सगळं समजावलं आणि म्हणाला, यावर उपाय एकच, रीतसर तह. मला वाटलं बाई आता आम्हाला हाकलणार. तर त्या म्हणाल्या, "थांबा, चष्मा आणते."

रात्रीच्या जेवणाआधी कलमं लिहून झाली. एका बाजूला मराठी, एका बाजूला फ्रेंच. कलम पहिलं, टायरांचा व्यापार मागच्या पोर्चपुरता राहील. कलम दुसरं, त्याबद्दल नीलेश सगळा हिवाळा पुढच्या पायऱ्यांवरचा बर्फ शोव्हल करील. कलम तिसरं, तोफ घरात चालू करायची नाही.

"माझंच सगळं काहून लिहिलं यात?" नीलेश म्हणाला.

"कारण तू कंपनी आहेस," श्रीपाद म्हणाला.

*

सह्या झाल्या, पण शिक्क्याशिवाय तह कसला? श्रीपाद हटूनच बसला. स्वयंपाकघरभर शोधलं आणि शेवटी माझ्या सोऱ्याची चकलीची चकती उचलली. चांदणीच्या भोकाची, पितळी, माझ्या आईने दिलेली. डिपार्टमेंटमधून आणलेल्या निळ्या स्टॅम्प पॅडवर ती दाबली आणि कागदावर मारली. फार सुंदर उठला शिक्का, खोटं कशाला बोलू. तो कागद आमच्या फ्रिजवर लागला.

चकती धुतली असं श्रीपाद आजही छातीवर हात ठेवून सांगतो. इतिहासकारावर विश्वास ठेवला, चूक माझी!

दिवाळीला पहिला घाणा तेलात सोडला आणि चकल्या वर आल्या त्या निळ्या. काटेसुद्धा निळे! मी श्रीपादला जे काही बोलले ते कुठल्याच तहात बसलं नसतं. दुसरा घाणा ठीक आला. मी निळा घाणा टाकायला म्हणून एका ताटलीत काढून ठेवला आणि चांगला मादामसाठी दुसऱ्या ताटलीत. प्रशांतला म्हटलं, खाली देऊन ये.

नवऱ्याने कुठली ताटली नेली, सांगायला हवं?

मी जिन्यावरून धावत खाली गेले तर मादाम दारात उभ्या, डोळ्यांत पाणी. निळा म्हणजे त्यांच्या क्यूबेकच्या झेंड्याचा रंग ना! या परक्या पोरांनी स्वतःच्या सणाला आपल्या झेंड्याचा रंग घातला, म्हणून बाई गहिवरल्या होत्या. "इतकं सुंदर खायचं कसं?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, नकाच खाऊ! अगदी कळवळून म्हटलं.

त्यांनी त्या चकल्या दोरे बांधून ख्रिसमस ट्रीला लावल्या. दर डिसेंबरला तळघरातून निघायच्या. तीन वर्षं टिकल्या, इतकं माझं मोहन कमी पडलं होतं.

*

दुसऱ्या वर्षी गणपती बसवला आणि धर्माचा प्रश्न आला.

आरतीला झांजा नीलेशकडे. हा माणूस झांजा वाजवतो तेव्हा दया नसते. त्यात प्रशांतने धूप इतका केला की 'सुखकर्ता'च्या दुसऱ्या कडव्याला स्मोक अलार्म सुरू झाला. कोणी थांबेना! अलार्म वाजतोय, झांजा वाजतायत, प्रशांत एका हाताने निरांजन ओवाळतोय आणि दुसऱ्या हाताने टॉवेलने अलार्मला वारा घालतोय. अलार्मलाच ओवाळल्यासारखं दिसत होतं.

आरती संपली तेव्हा मादाम जिन्यावर उभ्या होत्या. श्रीपाद पुढे झाला. म्हणाला, मादाम, इंग्रजांनी फ्रेंचांकडून तुमचा मुलूख घेतला तेव्हा तहात तुमच्या लोकांना धर्म पाळायची मुभा दिली होती. फक्त एक शेपूट लावलं होतं, इंग्लंडचे कायदे जेवढी परवानगी देतील तेवढीच. आम्हालाही तुम्ही तशीच काहीतरी...

मादाम लालबुंद झाल्या. अडीचशे वर्षांपूर्वीचं शेपूट, पण बाईंना कालचंच असल्यासारखं लागलं! "माझ्या घरात शेपूट नाही!" त्या कडाडल्या. "धर्म म्हणजे पूर्ण. वाजवा!"

आणि खाली गेल्या. नीलेशने ताबडतोब वाजवायला घेतलं, त्याला मी थांबवलं.

बदल्यात त्यांनी एकच मागितलं. रविवारी दहा ते अकरा टीव्हीवर त्यांची मास, म्हणजे चर्चची प्रार्थना, असते, तेवढा वेळ वरून आवाज नको. विशेषतः ती शिट्टी. प्रेशर कुकर! हे झालं कलम चौथं.

तीन रविवार पाळलं. चौथ्या रविवारी प्रशांत साडेदहाला डाळ लावून अंघोळीला गेला. एक शिट्टी झाली. मी भाजी टाकून धावले. दुसरी झाली. गॅस बंद करेपर्यंत तिसरीही झाली. गुपचूप बसलो चौघं, खालून काठीने ठोकण्याची वाट बघत.

अकरा वाजून दोन मिनिटांनी मादाम वर आल्या. चेहरा उजळलेला. म्हणाल्या, टीव्हीवर पाद्रीबाबांनी प्रसादाची चकती वर उचलली, तिथे घंटा वाजवतात, पण हल्ली टीव्हीवर ती ऐकूच येत नाही. आणि आज नेमकी त्याच क्षणी तुमची शिट्टी आली. तीनदा! लहानपणी गावच्या चर्चमध्ये वाजायची तशी!

कलम चौथं दुरुस्त झालं. रविवारी कुकर बरोबर साडेदहाला लावायचा. डाळ नसली तर नुसतं पाणी घालून लावायचा! मी लग्नानंतर सासरी इतका धर्म पाळला नाही, जितका त्या कुकरपायी पाळला.

*

कलम पाचवं आणि सहावं वास्तव्याचं. बाहेरून आलेल्या पाहुण्याने चौदा दिवसांपेक्षा जास्त राहायचं झाल्यास सर्वांची लेखी परवानगी. हे नीलेशच्या मावसभावामुळे केलं होतं. तो सस्काटूनहून वीकएंडला आला आणि सेमिस्टर बुडवून गेला.

२०१७ च्या मे महिन्यात माझ्या सासूबाई आल्या, कोल्हापूरहून, सहा महिन्यांसाठी. तिसऱ्या दिवशी त्यांनी फ्रिजवरचा कागद चष्मा लावून वाचला.

"उज्ज्वला, मी परकी का गं?"

"नाही हो आई, ते नीलेशच्या..."

"चौदा दिवस!" आईंनी प्रशांतकडे बघितलं. "नऊ महिने पोटात ठेवला तुला. तेव्हा मागितली होती का लेखी परवानगी?"

श्रीपादने तत्काळ वास्तव्याचा परवाना लिहून दिला, शिक्क्यासकट. शिक्का बघितल्यावर आईंनी सोऱ्या आपल्या ताब्यात घेतला तो घेतलाच.

दुपारी आम्ही ऑफिसात. आई खाली मादामकडे जाऊन बसायच्या. या मराठीतून बोलायच्या, त्या फ्रेंचमधून. एकीलाही दुसरीचं अक्षर कळत नव्हतं आणि संध्याकाळी दोघी दमलेल्या असायच्या बोलून बोलून.

"आज काय म्हणाल्या मादाम?" मी एकदा विचारलं.

"सुनेबद्दल सांगत होत्या. लव्हालच्या."

"तुम्हाला कसं कळलं?"

"अगं, चेहऱ्यावरून. सुनेचा विषय निघाला की तोच चेहरा मीही करते."

मी पोळ्या लाटत होते. लाटतच राहिले.

आईंनी मादामला दोन मराठी शब्द पक्के शिकवले. एक 'नको', कारण आई वाढायला लागल्या की तो लागतोच. आणि दुसरा 'येते'. मादाम ग्रोसरीला निघाल्या की काहीतरी 'ओरव्वा' वगैरे म्हणायच्या. आईंनी श्रीपादला त्याचा अर्थ विचारला. तो बोलून गेला, "जाते म्हणतायत आई." झालं! घरातून निघताना 'जाते' म्हणतात का कोणी? आईंनी श्रीपादला खाली बसवलं आणि कलम सातवं सांगितलं, ते त्याने जसंच्या तसं लिहून घेतलं: या घरातून निघणाऱ्याने 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे. घरातल्या कोणीतरी 'या' म्हटल्याखेरीज उंबरा ओलांडू नये.

"आणि 'या' मनापासून म्हणायचं," आई म्हणाल्या. "तोंडदेखलं चालणार नाही. तेही लिही."

मादामने सही केली आणि पाळलं, अगदी काटेकोर. आई परत गेल्यावरसुद्धा. उणे वीसमध्ये बाई दार उघडून उभ्या, "येते!" आणि वरून उत्तर आल्याशिवाय पाऊल बाहेर टाकायच्या नाहीत. सगळं घर गारठायचं! नीलेश वॉशरूममध्ये असला तर साबणाच्या तोंडाने तिथून ओरडायचा, "या!" त्याची तर इतकी सवय झाली की ऑफिसात बॉस लंचला निघाला तरी याच्या तोंडून "या!"

*

२०१८ च्या वसंतात लुक आला तो भिंती ठोकायला नाही. फेब्रुवारीत मादाम ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये घसरल्या होत्या, मनगट प्लास्टरमध्ये गेलं होतं. लुकला निमित्त मिळालं. मुलगा वाईट नव्हता हो, घाबरला होता. पण पुढच्या गवतावर 'विकणे आहे'ची पाटी लागली.

तो वर आम्हाला सांगायला आला तेव्हा फ्रिजवरचा कागद वाचून हसला. "तुम्हाला माहीत आहे ना, याला कायद्याने काही किंमत नाही?"

"बहुतेक तहांना नसतेच," श्रीपाद म्हणाला. "पाळला तोवर तह."

लव्हालच्या वृद्धाश्रमात खोली ठरली. जूनच्या शेवटच्या रविवारी जाऊन मादामने सही करायची, तिकडेच राहायचं, बाकी सामान मागून. एकदा सही झाली की संपलं. आम्ही जागा बघायला लागलो. मला तर त्या आठवड्यात भांडी घासतानासुद्धा रडू यायचं. आईंना फोनवर सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "तिला विचारलं का कोणी?"

कोणीच विचारलं नव्हतं! शनिवारी नीलेशने श्रीपादला मधे घालून विचारलं, मादाम, तुम्हाला जायचंय का?

मादाम प्लास्टर निघालेलं मनगट चोळत बसल्या. म्हणाल्या, "लुकला मी कधी 'नाही' म्हटलं नाही. आता या वयात जमायचं नाही." मग त्यांनी श्रीपादला तो कागद फ्रिजवरून काढून आणायला लावला आणि सगळी कलमं वाचून घेतली. सातवं दोनदा. आम्हाला वाटलं, आठवण म्हणून.

रविवारी निरोपाला मी बेसनाचे लाडू केले. कुकर ठरल्या वेळी लावला, हात सवयीने गेला. आम्ही चौघं हॉलमध्ये उभे, माझ्या हातात लाडवांचा डबा. लुकने बॅग उचलली, गाडी बाहेर सुरूच होती. मादाम हॅट घालून उंबऱ्यापर्यंत गेल्या, वळल्या आणि आमच्याकडे बघून म्हणाल्या,

"येते."

सातवं कलम त्यांनी दोनदा का वाचून घेतलं, ते मला त्या क्षणी कळलं. आणि त्याच क्षणी मला नीलेशचं तोंड उघडताना दिसलं. मी डब्यातला लाडू उचलला आणि अख्खा त्याच्या तोंडात कोंबला!

प्रशांत छताकडे बघायला लागला. श्रीपाद चष्मा पुसायला लागला.

"येते," मादाम पुन्हा म्हणाल्या, जरा मोठ्याने.

"मामाँ, चल," लुक म्हणाला. "कशाची वाट बघतेस?"

"कलम सात," मादाम म्हणाल्या.

लुकने आमच्याकडे बघितलं. श्रीपादने खाकरून त्याला समजावलं, की दुसऱ्या पक्षाने अजून उत्तर दिलेलं नाही.

"मग द्या उत्तर!"

"मनापासून द्यावं लागतं," श्रीपाद म्हणाला.

"येते," मादाम तिसऱ्यांदा म्हणाल्या. आमच्या एकेकाच्या तोंडाकडे बघितलं त्यांनी. वर कुकरच्या शिट्ट्या व्हायला लागल्या, एक, दोन, तीन. मादामने छातीवर क्रूसाची खूण केली, मुलाच्या हातातली बॅग घेतली आणि खाली ठेवली.

"लुक, मी सही केलेली आहे," त्या म्हणाल्या आणि खुर्चीवर बसून बुटाची नाडी सोडायला लागल्या.

लुक तसाच उभा. बाहेर गाडी चालू. तेवढ्यात नीलेशने शेवटचा घास गिळला, डोळे पुसले आणि मला विचारलं, "वहिनी, आता बोलू का?"

"नको!" आम्ही सगळे एकदम ओरडलो, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज मादामचा होता.